गाऱ्हाणे आणि झील : संगमेश्वर परिसरातील सामूहिक गायन व सामाजिक न्यायाचा प्रश्न

मराठीतील चळवळीच्या गाण्यांचा अभ्यास बहुतांशी शाहिरांचा अभ्यास म्हणून झाला आहे. भीमराव कर्डक, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक, विलास घोगरे यांची चरित्रे, त्यांच्या रचनांची संकलने आणि त्या रचनांतील विचारांची मीमांसा यांवर अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत, आणि ते आवश्यकच होते. वाङ्मयेतिहासाने ज्यांना दीर्घकाळ उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांना नावानिशी आत आणण्याचे कार्य त्यामुळे घडले. तथापि या अभ्यासात एक बाजू दुर्लक्षित राहिली. पोवाड्यात शाहीर चौक गातो आणि त्याच्या मागे उभे असलेले दोघे-चौघे झील धरतात. तमाशाच्या फडात झीलकऱ्याला आणि सुरत्याला ठरलेली जागा असते. कीर्तनात टाळकरी असतात. भजनात बुवाने ओळ टाकली की सारे मंडळ ती उचलते. संहिता छापली जाते तेव्हा या मंडळींचा सारा वाटा 'जी जी' एवढ्या दोन अक्षरांत, किंवा ध्रुपद पुन्हा म्हणावे हे सुचविणाऱ्या खुणेत उरतो.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न येथेच सुरू होतो. अनेकांनी एकत्र गाणे म्हणजे समतेच्या बाजूने गाणे, असे गृहीत धरण्याचा प्रघात चळवळींविषयीच्या लेखनात रूढ आहे. गाण्याचे शब्द समतेचे असले की गायनही समतेचे झाले, असे मानले जाते. परंतु झील कोणी धरावी, कोणी केवळ ऐकावे, कोणाला वर्तुळाबाहेर उभे करावे आणि ओळ टाकण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न शब्दांच्या आधी ठरलेले असतात. प्रस्तुत लेखाचा रोख या आधी ठरलेल्या गोष्टींकडे आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचा परिसर विशेष उपयुक्त ठरतो, कारण सामूहिक गायनाची इतकी विविध आणि जिवंत रूपे व त्यांच्या सीमा एवढ्या ठळकपणे इतरत्र क्वचितच एकत्र आढळतात.

गाऱ्हाण्याची रचना

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले कसबा संगमेश्वर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कर्णेश्वराच्या मंदिरामुळे आणि १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज येथे पकडले गेल्यामुळे परिचित आहे. लोकजीवनाच्या अभ्यासकाला मात्र या परिसराची ओळख शिमग्यातून होते. ग्रामदेवतेची पालखी, खेळ्यांचे नमन, संकासुराचे आगमन आणि पालखीसमोर घातले जाणारे गाऱ्हाणे यांनी फाल्गुनातील ते दिवस व्यापलेले असतात.

यांपैकी गाऱ्हाण्याचा विचार प्रथम करणे इष्ट. गावाच्या वतीने गुरव अथवा मानकरी देवापुढे उभा राहतो आणि गावाचे मागणे एकेक करून मांडतो. जमलेले लोक प्रत्येक मागणीच्या अखेरीस 'व्हय म्हाराजा' असा होकार देतात. पाऊसपाणी, गुरेढोरे, रोगराई, मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचे क्षेम हे त्याचे नित्याचे विषय. गाऱ्हाणे हे रूढार्थाने गायन नव्हे. परंतु त्यातील ठराविक हेल, एकाने उच्चारणे आणि सर्वांनी मिळून प्रतिसाद देणे ही घडण सामूहिक गायनाचीच आहे. कोकणातील समूहस्वराचा तो मूळ नमुना मानण्यास हरकत नाही.

'गाऱ्हाणे' या शब्दाचा प्रचलित मराठीतील अर्थ तक्रार असा आहे, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. सबंध गावाची तक्रार सामूहिक स्वरात देवापुढे मांडणारा विधी हाती असताना त्यात न्यायाचे बीज असावे, अशी अपेक्षा सहज निर्माण होते. प्रत्यक्षात या रचनेत बोलण्याचा मान परंपरेने ठरलेला असतो आणि समूहाकडे उरतो तो होकार. समूहाला 'नाही' म्हणण्याची जागा त्यात नाही. ज्या काळात या भागातील जमीन खोतांच्या वर्चस्वाखाली होती आणि कुणबी, महार व अन्य कुळे ती कसत होती, त्या काळात कुळाचे खरे दुखणे देवळाबाहेर, वेगळ्या प्रकारच्या समूहाने मांडले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने नष्ट होण्यास १९४९ साल उजाडले. देवापुढील गाऱ्हाण्यात होकार देणारी आणि मोर्चात घोषणा देणारी माणसे एकाच समाजस्तरातील होती. बदलले ते स्वराचे नियमन.

नमनाचे वर्तुळ आणि वाडीची सीमा

नमनखेळे हा या भागातील सर्वांत समृद्ध समूहाविष्कार होय. मृदंग आणि टाळ यांच्या साथीत खेळे उभ्याने गातात. देवदेवतांना व दिशांना वंदन, गण, गौळण, मग सोंगे आणि वग असा त्याचा क्रम असतो. काळा झगा, उंच टोपी आणि पांढरी दाढी असा संकासुर येऊन हशा पिकवतो. या संकासुराला शिमग्यापुरती वाटेल ते बोलण्याची मुभा असते. या मुभेचे कौतुक करताना अभ्यासकांनी तिच्या मुदतीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. जी थट्टा ठराविक दिवसांपुरती मान्य आहे, ती उरलेल्या वर्षभराच्या मौनाला धक्का लावत नाही. किंबहुना ते मौन सुसह्य करते. मात्र हा निष्कर्षही सरसकट लावता येणार नाही. अलीकडच्या बहुरंगी नमनात वगाच्या अंगाने हुंडा, व्यसन, जमीनविक्री यांसारखे विषय येतात, आणि ते पाहणारा प्रेक्षक त्याच गावाचा असल्याने बोच थेट लागते.

जाखडीची रचना याहून वेगळी आहे. शक्ती-तुरा किंवा बाल्या नाच या नावांनीही ती ओळखली जाते. कानात बाळी घालून मुंबईत घरकाम करणाऱ्या कोकणी कुणब्यांना शहराने 'बाल्या' हे नाव दिले, आणि हिणवणुकीच्या त्या शब्दाखालीच त्यांचे नृत्य प्रसिद्ध झाले. शब्दांच्या इतिहासात असे उपरोध वारंवार आढळतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. मध्यभागी बुवा, ढोलकीवाला, झांजवाला आणि झीलकरी बसतात. कलगी-तुऱ्याच्या प्राचीन वादाची ही कोकणी शाखा. शक्तीवाले आणि तुरेवाले परस्परांना शास्त्रपुराणातील कोडी घालतात, आणि रात्र चढत जाते तसे कोड्यांचे टोमणे होतात.

नमन असो वा जाखडी, दोन्हींचे संघटन परंपरेने वाडीवार झाले आहे. कोकणातील गाव वाड्यांचे बनलेले असते आणि वाडी बहुधा जातीच्या नावाने ओळखली जाते : कुणबीवाडी, तेलीवाडी, भंडारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी. भजनी मंडळ वाडीचे, नाचाचे मंडळ वाडीचे, मुंबईतील त्याची शाखाही वाडीच्या नावाने. त्यामुळे फेर जितका घट्ट तितकी त्याची बाह्य कड पक्की होत जाते. वाडीच्या आत या गायनाने जी समता निर्माण केली तिचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. शेतमजूर आणि चाकरमानी, निरक्षर आणि पदवीधर एकाच तालात पाय टाकतात. पाठांतराच्या जोरावर अक्षरशत्रू माणूस शास्त्रार्थात उतरतो. ज्या कुणबी समाजाला शिक्षणापासून दूर ठेवले गेले, त्याच्यासाठी शक्ती-तुऱ्याची बारी हीच पाठशाळा होती. मात्र हे गायन दोन वाड्यांमधील पायवाट ओलांडत नाही. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात लावणी आणि पोवाडा या प्रकारांची विभागणी जात व लिंगभाव यांच्या आधारे कशी झाली, हे दाखवून दिले आहे. कोकणातील प्रकारांना ही दृष्टी लावल्यास असे दिसते की, येथे एकाच प्रकारच्या आत वाडीनिहाय विभागणी झाली आहे, आणि ती प्रकाराच्या नावावरून कळत नसल्याने अधिक सुरक्षित राहिली आहे.

ओळ कोणाची, आवाज कोणाचा

वाडीच्या सीमेपलीकडे जाणारे समूहगायन महाराष्ट्रात कसे घडले, याचा मागोवा घेतल्याशिवाय संगमेश्वरच्या वर्तुळाचे मूल्यमापन एकांगी होईल. त्याची सुरुवात मंचावर न शोधता लग्नमंडपात शोधावी लागते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना करणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये पूजाविधीचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतःच परस्परांना वचन देतात. पुरोहिताने म्हणायचे आणि इतरांनी अक्षता टाकायच्या ही घडण येथे उलटली. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन भटशाही आणि सावकारी यांवर जे प्रहार केले त्यांची चर्चा विपुल झाली आहे. पण आवाज एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे सोपविण्याची मूळ कृती मंगलाष्टकांत आहे, आणि समूहगायनाच्या दृष्टीने ती अधिक मूलगामी ठरते.

खुद्द रत्नागिरीत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. १९२४ ते १९३७ या काळात तेथे स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात मेळ्यांचा उपयोग केला; भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झाले. स्पृश्य-अस्पृश्य मुलांनी एकत्र गावे, ही गोष्ट त्या काळच्या रत्नागिरीत लहान नव्हती, आणि सनातन्यांचा विरोध पाहता तिला धैर्यही लागले. परंतु देवदर्शनाची विनवणी करणारे जे पद पूर्वास्पृश्यांच्या तोंडी देण्यात आले, त्याचा कर्ता त्यांच्यातला नव्हता, आणि विनवणी हा सूरही त्यांनी निवडलेला नव्हता. गाऱ्हाण्याची रचना येथे सुधारकी वेषात परत आली, असे म्हणणे कठोर वाटेल. पण समूहाकडे होकार आणि ओळ दुसऱ्याकडे, हे साम्य नाकारता येत नाही.

याच दशकात आंबेडकरी जलशांनी नेमका हा दुवा तोडला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशांत ओळ टाकणारा आणि झील धरणारा एकाच समाजातील होता. त्यांनी तमाशातील नाच्या आणि कृष्णलीलेची गौळण यांना रजा दिली, कारण ज्या रंजनासाठी आपल्या लोकांना शतकानुशतके नाचविले गेले ते रंजन त्यांना नको होते. कृष्णा किरवले आणि भगवान ठाकूर यांच्या संशोधनातून या जलशांचा विस्तार आणि विचार यांचे चित्र स्पष्ट झाले आहे. येथे एक मुद्दा जोडावासा वाटतो. या जलशांचा समूह मिश्र नव्हता. समतेचे गाणे गाणारा गट एकजिनसी आणि समतेविषयी बोलणारा सुधारकांचा मेळा मिश्र, हा विरोधाभास वरवरचा आहे. मिश्रण कोणाच्या अटींवर झाले, हे पाहिल्याशिवाय त्याला न्यायाचे प्रमाणपत्र देता येत नाही.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी स्थापन केलेले लाल बावटा कलापथक तिसरा मार्ग दाखवते. तिघांचे जन्म वेगवेगळ्या समाजांतले, तिघेही स्वतः ओळ टाकणारे आणि दुसऱ्याच्या ओळीवर झील धरणारे. त्यांचे श्रोते गिरणगावातील, आणि गिरणगावाचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला. संगमेश्वरच्या वाडीत जाखडीचा फेर धरणारा तरुण गणपतीनंतर लालबाग-परळच्या चाळीत परतत असे आणि तेथे मोर्चाची गाणी उचलत असे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या ज्या मौखिक कथनांचे संकलन केले आहे, त्यावरून भजनी मंडळे, कलापथके आणि कामगार संघटना यांची माणसे किती प्रमाणात एकच होती हे कळते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील प्रचंड सभा या पूर्वतयारीवर उभ्या होत्या. हजारो लोकांना एका तालात उत्तर देता येणे ही गोष्ट एका रात्रीत साध्य होत नाही. ती वाडीच्या भजनात वर्षानुवर्षे घोटलेली असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा दुवा निखळला. संपात होरपळलेली अनेक कुटुंबे गावी परतली, भजन राहिले, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या राहिल्या. मोर्चाचे गाणे मात्र त्यांच्याबरोबर गावात रुजले, असे म्हणण्यास आधार सापडत नाही. चाळीत जो समूह जातीच्या सीमा काही अंशी ओलांडत होता, तो गावात परतताच पुन्हा वाडीवाडीत विभागला गेला.

सानेगुरुजींचा दौरा

दापोली तालुक्यातील पालगडचे सुपुत्र सानेगुरुजी यांनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण केले आणि दहा दिवसांत मंदिराचे दार उघडले. उपोषणाची कथा सर्वश्रुत आहे. त्याआधीच्या महाराष्ट्रव्यापी दौऱ्याकडे मात्र प्रचारदौरा म्हणूनच पाहिले जाते. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांची गाणी या दौऱ्याशी जोडलेली होती. शाखेत मुले-मुली, सर्व जातींची, एकत्र उभी राहून गात. कोणाचा आवाज चांगला हे पाहून निवड होत नसे. समूहगायन हे रंजनाचे साधन नसून सहवासाचा सराव आहे, ही धारणा महाराष्ट्रात सेवा दलाने जितक्या निष्ठेने राबविली तितकी अन्य कोणी राबविल्याचे दिसत नाही. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी पुढे कलापथकाला जे वैभव दिले ते या पायावर.

या परंपरेची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. सेवा दलाच्या गीतांची भाषा शाळेच्या पुस्तकाची होती; संगमेश्वरी बोलीचा हेल, कुणबी स्त्रीच्या फेराची चाल अथवा महारवाड्यातील गायनाची लकब तिच्यात क्वचितच शिरली. 'पथक' या शब्दातच ते येणार आणि जाणार हे अध्याहृत आहे. पथक गेल्यावर गावात कोण गाणार, या प्रश्नाचे उत्तर शाखा टिकली तेथे मिळाले, इतरत्र नाही. भारतात अन्यत्रही असेच घडले. सलील चौधरी यांनी मुंबईत आणि रुमा गुहा ठाकुरता यांनी कोलकात्यात उभ्या केलेल्या युवक गायकवृंदांनी बहुस्वरी गायनाचा उत्तम आदर्श घालून दिला, तरी त्यांचा समूह तालमीसाठी निवडलेला समूह होता. याउलट अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी येथे १९६१-६२ मध्ये वर्णभेदाविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात चर्चमधील सभेला आलेला प्रत्येक जण गायक होता. त्या आंदोलनातून पुढे आलेल्या बर्निस जॉन्सन रेगन या स्वतः उत्तम गायिका असूनही गाणे सुरू करून देणारी व्यक्ती ही आपली भूमिका मानत. सुरू करून देणे आणि गाऊन दाखविणे यांतील हा भेद मराठी समीक्षेने आत्मसात करावा असा आहे. कोकणातील भजनाच्या बुवाला तो सांगावा लागत नाही. मंचावरच्या शाहिराला मात्र आवर्जून सांगावा लागतो.

समूहगायनाच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून एस्टोनियाचे नाव नेहमी घेतले जाते. १८६९ पासून चालत आलेल्या तेथील गीतमहोत्सवांच्या बळावर १९८७ ते १९९१ या काळात लक्षावधी लोकांनी गाऊन सोव्हिएत सत्तेला आव्हान दिले. मात्र त्याच देशातील रशियनभाषक रहिवाशांचा मोठा वर्ग स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वाविना राहिला, हेही त्या इतिहासाचेच पान आहे. राष्ट्राचा समूहस्वर आणि समाजातील न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणेशोत्सवातील मेळ्यांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

झील सोडण्याचा अधिकार

सामूहिक गायनाविषयीच्या उत्साही लेखनात एका कृतीची नोंद जवळपास आढळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रभर नवदीक्षित बौद्धांनी गावकीची परंपरागत कामे नाकारली. सणात, मिरवणुकीत, देवाच्या कार्यात वाद्य वाजविण्याचे आणि सेवा करण्याचे जे काम जातीने त्यांच्यावर लादले होते, तेही त्यात आले. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या कायद्याने या नकाराला कायदेशीर बाजूही मिळाली. गावाच्या एकत्रित नादातून एक वाद्य गळले. बाहेरून पाहणाऱ्याला यात समूहाचा भंग दिसेल, आणि 'पूर्वी सारा गाव एक होता' असा सूर लावणाऱ्यांना तो आजही दिसतो. परंतु ज्या समूहात तुमची जागा तुमच्या जन्माने ठरलेली आहे, त्यात गप्प राहणे हाच पहिला स्वतंत्र स्वर होय. समूहगायनाचा कोणताही न्यायविचार या मौनाला सामावून घेत नसेल तर तो अपुरा आहे.

या मौनानंतर दुसरे गायन सुरू झाले. बौद्धवाडीतील विहारात त्रिशरण-पंचशील सर्वांनी मिळून म्हटले जाते. तेथे एक जण आरंभ करतो, पण त्यासाठी विशिष्ट घराण्याचा मान लागत नाही. १४ एप्रिलच्या आणि वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमांत भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचे सामने रंगतात, आणि त्यांत सवाल-जवाबाची तीच रीत आढळते जी पायवाटेपलीकडील शक्ती-तुऱ्यात आहे. मुंबईतील बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी हे गायन चाकरमान्यांमार्फत गावाशी जोडून ठेवले. एकाच गावातील दोन वाड्या एकाच घडणीची, परस्परांना अपरिचित अशी दोन गायने जोपासतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पहिल्याला लोककला म्हटले आणि दुसऱ्याला प्रचारगीत. या वर्गीकरणाचा फेरविचार करण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. शासनाची दृष्टी या बाबतीत अधिक तीक्ष्ण निघाली. २००२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर पुढे जी कारवाई झाली, तीत कोणा एका कवीला वेगळे न काढता गाणाऱ्या गटाकडे गट म्हणून पाहिले गेले. झीलकऱ्याचे महत्त्व समीक्षेच्या आधी पोलिसांना कळावे, ही गोष्ट समीक्षेस भूषणावह नाही.

प्रेक्षक नसलेला फेर

आतापर्यंत उल्लेखिलेले बहुतेक प्रकार पुरुषांचे आहेत. नमनातील राधा पुरुषच होत असे. जाखडीचा फेर पुरुषांचा. स्त्रियांचे गायन गौरीच्या रात्री, माजघरात वा अंगणात, झिम्मा-फुगडीच्या फेरात होई. या फेराचे वैशिष्ट्य असे की त्याला प्रेक्षक नाहीत. जी आहे ती फेरात आहे. निम्म्या जणी ओळ टाकतात, निम्म्या उचलतात, आणि पुढच्या गाण्याला भूमिका उलटतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याचे मुंबईस जाणे हे विषय येथे विनवणीच्या सुरात येत नाहीत. ते उपहासाने, कधी उघड रागाने येतात. गाऱ्हाण्याच्या नेमके उलटे असे हे गाऱ्हाणे आहे : देव समोर नाही, मानकरी नाही, होकाराची सक्ती नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी संकलित केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांमुळे दळणाऱ्या स्त्रीचा आवाज अभ्यासाच्या कक्षेत आला. फेराच्या गाण्यांना तसा संग्राहक लाभणे अद्याप बाकी आहे. आणि फेराचे लेखन ओवीपेक्षा अवघड आहे, कारण येथे कोणती ओळ कोणाची हे सांगता येत नाही.

स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणलेल्या ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' या नाटकात समूहाच्या गाण्यांचा जो वापर आहे, त्याची मुळे या फेरात शोधता येतात. नाटक गावोगाव गेले ते या परिचित घडणीमुळेही. अलीकडे शक्ती-तुऱ्याच्या क्षेत्रात स्त्री शाहीर पुढे आल्या आहेत; परळच्या आणि गिरगावच्या नाट्यगृहांत त्यांच्या बाऱ्यांना गर्दी होते. याचे स्वागत करतानाच हे नोंदवणे भाग आहे की, स्त्री शाहीर आणि पुरुष शाहीर यांच्या सामन्यात टोमण्यांचे टोक बहुधा तिच्या देहाकडे वळते, आणि तेही बारी गाजावी यासाठी. अंगणातील फेरात तिला जे स्वातंत्र्य होते ते मंचावर येताना तिने किंमत देऊन विकत घेतले आहे. काही जणी त्या टोमण्यांना ज्या तडफेने उत्तरे देतात, ती ऐकणाऱ्याला या किमतीचा हिशेब वेगळा मांडावासा वाटेल. पण उत्तर तिचे एकटीचे असते, तिच्या मागे झील धरणारे पुरुषच असतात.

वाडीची सीमा न मानणारे एक समूहगायन संगमेश्वर तालुक्यात आजही रोज होते. ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील परिपाठात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना, व त्या प्रार्थनांत पुष्कळदा सानेगुरुजींची. ज्या शाळेत दोन-तीन वाड्यांची मुले येतात तेथे कुणबीवाडीचा मुलगा ओळ सुरू करतो आणि बौद्धवाडीची मुलगी ती उचलते. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. शाळा जेथे एकाच वाडीत आणि एकाच वाडीसाठी आहे, तेथे अर्थातच हेही घडत नाही. २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले, आणि स्थलांतराने रिकाम्या होत चाललेल्या कोकणात अशा शाळांची संख्या मोठी आहे. अंतर, पावसाळ्यातील पऱ्हे आणि एस.टी.च्या वेळा यांचा विचार करून त्या प्रस्तावाला जो विरोध झाला तो रास्त होता. मात्र कोणत्या वाडीची मुले कोणत्या रांगेत उभी राहून एकत्र गातील, हाही त्या निर्णयाचाच एक भाग आहे, आणि पटसंख्येच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.